आधी कीर्द, मग खतावणी

बऱ्याच दिवसांनी शनिवार मोकळा मिळालाय, म्हणून आज जरा इतिहास. पानिपत वगैरे नाही, घाबरू नका. ईमेल सर्व्हरच्या डेटाबेसचे स्नॅपशॉट ठराविक वेळी आपोआप घेण्याची जी पद्धत आहे ना, तिचा. विषय रुक्ष वाटेल, पण २०२१ साली जालना एमआयडीसीतल्या एका कारखान्यात याच विषयाने माझी झोप उडवली होती. तेव्हा मी नवा नवा नोकरीला, मुक्काम तेव्हाच्या औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर).

जालना म्हणजे 'सोने का पालना' असं जुने लोक म्हणतात. आज तिथे सोन्यापेक्षा लोखंड जास्त. एमआयडीसीत शिरलं की भंगाराचे ट्रक, भट्ट्या, बिलेट आणि बांधकामाच्या सळया. आमचं गिऱ्हाईक असाच एक सळयांचा कारखाना. मेल सर्व्हर त्यांच्याच ऑफिसात, एक्स्चेंज २०१६. शेजारी एक स्टोरेजचं खोकं. बॅकअपची व्यवस्था करायला मला पाठवलं होतं, एकट्याला!

आता थोडं मागे जाऊ. आपल्याकडे ईमेलची सुरुवात मुंबईत झाली. १९८६-८७ च्या सुमारास जुहूचं एनसीएसटी आणि पवईचं आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनवरून मेलची देवाणघेवाण सुरू झाली, अर्नेट प्रकल्पाखाली. मेल साठवायची, फोन लागला की पुढे ढकलायची. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. तोवर मेल हरवली तर कुणाचा धंदा बुडत नव्हता. नंतर ऑर्डर, दर, टेस्ट सर्टिफिकेट सगळंच मेलवर आलं.

स्नॅपशॉटची कल्पना साधारण त्याच काळातली. बेल लॅब्जच्या प्लॅन ९ मध्ये रोज पहाटे सगळ्या फाइल्सची त्या दिवसाची स्थिती कायमची ठेवून देत. मग १९९२ मध्ये अमेरिकेत नेटवर्क अप्लायन्स कंपनी निघाली. डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकल माल्कम या तिघांनी १९९४ च्या युझनिक्स परिषदेत आपल्या वॉफल फाइल सिस्टिमवर निबंध वाचला. युक्ती इतकी सोपी की हसू यावं. डिस्कवरचा ४ किलोबाइटचा ठोकळा कधी जागेवर खोडायचाच नाही. बदल झाला की नव्या जागी लिहायचं. मग जुनी स्थिती जपायला कॉपी कशाला करायची? जुन्या ठोकळ्यांना हात लावू नका एवढं सांगितलं की झालं. म्हणून स्नॅपशॉट काही सेकंदांत होतो आणि सुरुवातीला जागाही जवळपास खात नाही. प्रत्येक ठोकळ्यामागे ३२ बिटांची नोंद, त्यात एकेक बिट एकेका स्नॅपशॉटचा. त्यामुळे सुरुवातीला मर्यादा होती २० ची.

त्यांच्या यंत्रांवरचं ठरलेलं वेळापत्रक असं असे: ० २ ६@८,१२,१६,२०. म्हणजे आठवड्याचे शून्य, रात्रीचे दोन, आणि दिवसा ८, १२, १६, २० वाजताचे मिळून सहा ठेवा. मी हे कुठल्याशा जुन्या मॅन्युअलमध्ये वाचलं होतं आणि भक्तिभावाने जालन्यात तसंच्या तसं लावलं. आमचं खोकं दुसऱ्या कंपनीचं होतं, पण वेळापत्रकाला काय!

इथेच गंमत आहे. फाइल सिस्टिमला जी युक्ती पुरते ती मेलच्या डेटाबेसला पुरत नाही. का, ते सांगायला जालन्यातल्या अडत दुकानाचाच दाखला घेतो. व्यवहार झाला की आधी कीर्दीत लिहितात, मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतात. एक्स्चेंज १९९६ पासून तेच करतं. मेल आली की आधी लॉग फाइलमध्ये, डेटाबेसमध्ये मागाहून. वीज गेली तर खतावणी अर्धवट राहते, पण कीर्द शाबूत असेल तर पुन्हा चढवता येते. म्हणून फोटो काढताना दोन्ही वह्या जुळल्या पाहिजेत. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये विंडोज सर्व्हरमध्ये व्हीएसएस आणलं ते याचसाठी. ते एक्स्चेंजला सांगतं, 'जरा हात थांबव'. लिखाण क्षणभर थांबतं, फोटो निघतो (यासाठी फार तर १० सेकंद मिळतात), काम पुन्हा सुरू. पूर्ण बॅकअप नीट झाल्याचा निरोप मिळाला की एक्स्चेंज जुने लॉग पुसतं. एक्स्चेंज २०१० पासून तर बॅकअपची जुनी पद्धत काढूनच टाकली, फक्त हाच रस्ता उरला.

आणि मी काय केलं? व्हीएसएसला विचारलंच नाही. स्टोरेजच्या खोक्याला परस्पर सांगितलं, लॉगच्या डिस्कचा स्नॅपशॉट ८, १२, १६, २० वाजता आणि डेटाबेसच्या डिस्कचा पंधरा मिनिटांनी. एकदम लोड नको म्हणून! डिग्री फर्स्ट क्लासची आहे बरं का.

तीन आठवड्यांनी दुपारी फोन. "अहो साहेब, जेवणाच्या सुट्टीपासून मेलच येईनात!" तिथले कॉम्प्युटर सांभाळणारे काका. पावणेदोनला बंद पडलं होतं. बॅकअप झाल्याचा निरोप कधी गेलाच नाही, म्हणून लॉग पुसले गेले नाहीत, साचत साचत डिस्क भरली. काकांनी जागा करायला लॉगच्या फाइल्स डिलीट केल्या, आणि वर सर्व्हर थेट बटणाने बंद करून चालू केला. त्यांचा दोष नाही. 'लॉग' म्हटलं की कचराच वाटतो.

साठ किलोमीटर गाडी हाणत पोहोचलो. ईएसईयुटिलने डेटाबेसचा मथळा वाचला: डर्टी शटडाउन, अमुक ते अमुक लॉग हवेत. नेमके तेच काकांनी उडवलेले. बरं, स्नॅपशॉट आहे ना! बारा वाजताचे लॉग आणि सव्वाबाराचा डेटाबेस जोडले. उत्तर आलं -५४३, हवे असलेले लॉग नाहीत. असणार कसे? खतावणीत सव्वाबारापर्यंतच्या नोंदी, कीर्द बारालाच संपलेली. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला की क्रम उलटा लावलाय.

एक रस्ता होता, दुरुस्तीचा स्विच. पण तो वाचता न आलेली पानं सरळ फेकून देतो. मालक दाराशी उभे. "पोरा, होतंय का?" एवढंच विचारत होते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

रात्री नऊच्या सुमारास, चहाचा चौथा कप, आणि सुचलं. सव्वाबाराचा डेटाबेस कशाला? सव्वाआठचा घे! जुनी खतावणी आणि तिच्यानंतरची, बारापर्यंतची कीर्द. माझ्याच चुकीमुळे तीन आठवड्यांत एकही लॉग पुसला गेला नव्हता, म्हणून बाराच्या स्नॅपशॉटमध्ये सगळे ओळीने हजर. दोन्हींच्या प्रती वेगळ्या डिस्कवर काढल्या, चेकपॉइंटची फाइल बाजूला केली, म्हणजे ते आपल्या मनाने मधूनच सुरुवात करणार नाही, आणि रिकव्हरी लावली. लॉगमागून लॉग चढत गेले. क्लीन शटडाउन. हुश्श!

पण बारा ते पावणेदोन गेले ते गेलेच. दुसऱ्या दिवशी डिस्पॅचच्या ताई दिवसभर एकेका पार्टीला फोन करून "काल दुपारची मेल परत पाठवता का" विचारत होत्या. मी शेजारी बसून नावांवर टिक करत होतो.

अशा वेळी गूगल आठवतं. २७ फेब्रुवारी २०११ ला सॉफ्टवेअरच्या एका अपडेटमुळे जीमेलच्या ०.०२ टक्के लोकांच्या मेलपेट्या रिकाम्या झाल्या. अनेक डेटासेंटरमध्ये प्रती होत्या, पण चुकीचा फटका सगळ्याच प्रतींना बसला. शेवटी परत आणलं ते टेपवरून. म्हणून जालन्यात मीही नंतर व्हीएसएसमार्फत दर तासाचा स्नॅपशॉट, प्रत्येकाची चेकसम तपासणी, आणि रात्री एक प्रत मालकांच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर असं लावलं. त्याच खोक्यातला स्नॅपशॉट खोकं जळलं तर सोबत जळतोच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला एक्स्चेंज २०१६ चा नेहमीचा सपोर्ट संपला. काकांचा फोन आला होता, सगळं क्लाउडवर नेऊ का म्हणून. "ने म्हणशील तर नेतो," म्हणाले, "पण तिकडची कीर्द कोण ठेवतं ते आधी विचारून सांग."