डेम्लो संख्येची कुळकथा

१२३४५६७८९८७६५४३२१. भास्कराचार्यांच्या स्थानमालेत या सतरा आकडी संख्येचा पहिला एक ‘मध्य’ स्थानी पडतो. परार्ध तिथून एकच घर पुढे. तिच्या घराण्याचे नाव मात्र रेल्वे स्टेशनावरून आलेले आहे.

घराणे जुने आहे. इ. स. ८५०च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त एक गुणाकार घातला: २७९९४६८१ गुणिले ४४१. उत्तर १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढायचे आणि त्याच पायऱ्यांनी उतरायचे. अशा उत्तरांना त्यांनी हाराची उपमा दिली. गुणाकारातल्या दोन्ही संख्या पूर्ण वर्ग आहेत, ५२९१चा आणि २१चा. आणि ५२९१ × २१ म्हणजे ११११११. सहा एकांचाच वर्ग, पण वेषांतर केलेला! आचार्य मिस्कील असावेत.

त्यानंतर हजारभर वर्षांनी द. रा. कापरेकर आले. १९०५ साली डहाणूत जन्मलेले, पुढे देवळालीत शाळामास्तर. मुंबईपासून तीस मैलांवर जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो स्टेशनात, म्हणजे आजच्या डोंबिवलीत, त्यांना १६५, २५५३, ४७७७३ अशा संख्यांचा विचार सुचला आणि त्यांनी स्टेशनाचेच नाव त्यांना देऊन टाकले. टोकांचे अंक मिळवा, मधला अंक येतो: ४ आणि ३, सात. कारण ४७७७३ म्हणजे ४३ × ११११. त्रेचाळीस चार वेळा, दर वेळी एक घर सरकवून मांडा. मधल्या प्रत्येक रकान्यात ३ आणि ४ एकत्र येतात.

त्रेचाळीसच्या जागी एकांचीच रांग घेतली, की रकाने १, २, ३ असे भरत जातात आणि मग ओसरतात. १२१, १२३२१ ही ती मंडळी. कापरेकरांनी त्यांना ‘अद्भुत डेम्लो’ म्हटले. १९३८मध्ये ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये त्यांवर त्यांचा लेख आला.

नऊ एकांपर्यंत हे सुरळीत चालते; नऊ एकांचा वर्ग म्हणजेच आपली सतरा आकडी संख्या. दहाव्या एकाला मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर निघते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गायब! तरीही ही संख्या घराण्यातलीच धरतात, आणि ते रास्त वाटते. नाते वर्गाचे आहे, रूपाचे नव्हे.

कापरेकरांनी केलेली आणखी एक जात म्हणजे ‘हर्षद’: स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणारी संख्या. आपल्या सतरा आकडी संख्येची अंकबेरीज ८१. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, आणि तो १२३४५६७९चा वर्ग. इथेही आठ नाहीच. पहिल्या नऊ अद्भुत डेम्लोंत हर्षद तीनच निघतात: एक, तीन आणि नऊ एकांचे वर्ग. १२१ला चाराने भागून पाहा, बाकी एक उरते.