कुत्र्याला हार्टवर्म झाल्यावर: इंजेक्शनइतकीच महत्त्वाची विश्रांती

हार्टवर्म म्हणजे कुत्र्याच्या हृदयात आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत राहणारे जंत. या आजारावर उपचार आहे आणि वेळेत सुरू केला तर बहुतेक कुत्रे बरे होतात. मात्र या उपचारात एक वेगळीच अडचण आहे. जंत जिवंत असताना त्रास देतातच, पण औषधाने मेल्यावर काही आठवडे ते जास्त घातक ठरू शकतात. त्या काळात कुत्रा धावला, उड्या मारू लागला, तर जिवावर बेतू शकते. म्हणून सुमारे पाच महिने कुत्र्याला शांत ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि ते काम दवाखान्यात नव्हे, घरी करावे लागते.

हार्टवर्म नेमके काय असते?

या जंताचे शास्त्रीय नाव डायरोफिलेरिया इमिटिस. 'इमिटिस' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'निर्दय'. बाधित कुत्र्याला चावलेल्या डासाच्या पोटात त्या कुत्र्याच्या रक्तातली सूक्ष्म पिल्ले जातात. तिथे ती साधारण दोन आठवड्यांत वाढतात आणि तोच डास दुसऱ्या कुत्र्याला चावला की त्याच्या शरीरात शिरतात. पुढच्या सहा-सात महिन्यांत त्यांचे पूर्ण वाढलेले जंत होतात. मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते, म्हणजे जवळपास एका फूटपट्टीएवढी. कुत्र्याच्या शरीरात हे जंत पाच ते सात वर्षे जगू शकतात.

एका कुत्र्यापासून दुसऱ्याला चाटण्याने, उष्ट्याने किंवा शेजारी झोपल्याने हा आजार होत नाही. मध्ये डास लागतोच.

हा आजार कुठे आढळतो?

जिथे उष्ण, दमट हवा आणि डास, तिथे हार्टवर्म. अमेरिकेत मिसिसिपी नदीचे खोरे आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरील राज्यांत त्याचे प्रमाण सर्वाधिक आहे. २००५ च्या कतरिना चक्रीवादळानंतर तिथले हजारो बेघर कुत्रे इतर राज्यांत हलवले गेले आणि त्यांतल्या अनेकांना हार्टवर्म असल्याचे आढळले. टेक्सास, लुइझियाना किंवा जॉर्जियात राहणाऱ्या मराठी कुटुंबाने शेल्टरमधून कुत्रा घरी आणला, तर त्याच्या कागदपत्रांत 'हार्टवर्म पॉझिटिव्ह' हे शब्द दिसणे मुळीच नवलाचे नाही.

भारतात हा जंत प्रामुख्याने ईशान्येकडील राज्यांत आढळतो. महाराष्ट्र आणि केरळात त्याचा भाऊबंद, कातडीखाली राहणारा डायरोफिलेरिया रेपेन्स, अधिक परिचित आहे. दोघांची सूक्ष्म पिल्ले रक्तात दिसतात, पण आजार वेगळे आणि उपचारही वेगळे. त्यामुळे 'रक्तात जंत दिसले' एवढ्यावर न थांबता कोणते जंत, हे तपासून घ्यावे लागते.

निदान कसे होते?

सुरुवातीला काहीच लक्षणे दिसत नाहीत. पुढे कोरडा खोकला येतो, थोड्या फेरफटक्याने धाप लागते, वजन घटते. आजार फार वाढला तर पोटात पाणी साचते.

नेहमीची रक्तचाचणी प्रौढ मादी जंतांचे अंश शोधते. त्यामुळे लागण झाल्यावर पहिले पाच-सहा महिने ती निगेटिव्ह येऊ शकते. पॉझिटिव्ह आल्यास दुसऱ्या चाचणीने खात्री केली जाते. त्यानंतर एक्स-रे आणि गरजेप्रमाणे हृदयाची सोनोग्राफी करून फुप्फुस व हृदयाचे किती नुकसान झाले आहे, ते पाहतात.

उपचाराचे वेळापत्रक कसे असते?

अमेरिकन हार्टवर्म सोसायटीने सुचवलेली पद्धत जगभर प्रमाण मानली जाते. तिचे टप्पे साधारण असे:

पहिला दिवस: निदान पक्के होताच धावपळ बंद. हार्टवर्म प्रतिबंधक औषध सुरू. लक्षणे असतील तर स्टेरॉइड.

पहिले चार आठवडे: डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक रोज दोन वेळा. हार्टवर्मच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात. ते मेले की जंत कमकुवत होतात आणि पुढे जंत मरताना फुप्फुसाला येणारी सूज कमी राहते.

दुसरा महिना: थांबण्याचा. प्रतिबंधक औषध चालू राहते. वरवर काहीच घडत नाही असे वाटते, पण याच काळात जंत आणखी अशक्त होतात आणि कोवळे जंत इंजेक्शन लागू पडेल इतके मोठे होतात.

६० वा दिवस: मेलार्सोमीनचे पहिले इंजेक्शन. हे आर्सेनिकवर आधारित औषध कमरेच्या स्नायूत खोलवर टोचतात.

९० वा आणि ९१ वा दिवस: दुसरे आणि तिसरे इंजेक्शन, चोवीस तासांच्या अंतराने.

त्यानंतर सहा ते आठ आठवडे: कडक विश्रांती.

शेवटच्या इंजेक्शननंतर नऊ महिन्यांनी: जंत पूर्ण गेले का, हे पाहण्यासाठी पुन्हा रक्तचाचणी.

पूर्वी दोनच इंजेक्शने दिली जात. त्याने सुमारे ९० टक्के जंत मरत; तीन इंजेक्शनांच्या पद्धतीत हे प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय सगळे जंत एकदम न मरता टप्प्याटप्प्याने मरतात, हा तिचा मोठा फायदा.

मेलेले जंत घातक का?

पोटातले जंत मेले की शौचावाटे बाहेर पडतात. हार्टवर्मला बाहेर पडायला वाट नाही. मेलेल्या जंतांचे तुकडे होतात आणि रक्ताबरोबर फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत जाऊन अडकतात. तिथे सूज येते, गुठळ्या होतात. शरीर हे तुकडे हळूहळू विरघळवते, पण त्याला आठवडे, कधी महिनेही लागतात.

कुत्रा शांत पडून असेल, तर कमी रक्तप्रवाहावर फुप्फुसाचे काम भागते. तो धावू लागला की हृदय जोरात रक्त ढकलते, आधीच तुंबलेल्या वाहिन्यांवर दाब वाढतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. यातून खोकल्यावाटे रक्त पडणे, धाप, बेशुद्धी आणि मृत्यूही ओढवू शकतो. इंजेक्शननंतर सात ते दहा दिवसांनी हा धोका सर्वाधिक असतो आणि पुढे चार-सहा आठवडे टिकतो.

खरी गफलत होते ती इथेच. इंजेक्शनच्या जागी दुखते म्हणून कुत्रा दोन-चार दिवस मलूल असतो. मग दुखणे थांबते, स्टेरॉइडमुळे भूक आणि हुशारी वाढते, शेपूट हलू लागते. घरच्यांना वाटते, बरा झाला. आणि नेमक्या त्याच आठवड्यात त्याला मोकळे सोडले जाते. कुत्रा खूश दिसतो याचा अर्थ फुप्फुसातला कचरा साफ झाला असा होत नाही.

घरी विश्रांती कशी द्यावी?

जागा: क्रेट असल्यास उत्तम. नसल्यास एक लहान खोली किंवा दारात जाळी लावून अडवलेला कोपरा. त्याला घरातली माणसे दिसतील अशी जागा निवडावी. एकटे कोंडल्यास तो भुंकून, दार ओरबाडून जास्त थकतो.

बाहेर नेणे: फक्त शी-शूसाठी, पाच-दहा मिनिटे, आखूड पट्ट्याला बांधून. गळ्यापेक्षा छातीचा पट्टा बरा. सकाळी लवकर आणि उन्हे उतरल्यावर न्यावे. अंगणातही मोकळे सोडू नये. एक मांजर दिसले तरी पुरते.

जिने आणि सोफा: लिफ्ट नसलेल्या इमारतीत लहान कुत्र्याला उचलून न्यावे. मोठ्या कुत्र्याला पायरी-पायरीने, मध्ये थांबत उतरवावे. पलंगावर, सोफ्यावर चढणे-उतरणे बंद.

उत्तेजना: दाराची बेल, पाहुणे, घरातला दुसरा कुत्रा, लहान मुलांचा दंगा यांनीही हृदयाची गती वाढते. बेल काही महिने बंद ठेवून फोन करून यायला सांगणे सोपे पडते. दिवाळीचे फटाके, गणपतीच्या मिरवणुकीचे ढोल किंवा अमेरिकेतली ४ जुलैची आतषबाजी इंजेक्शननंतरच्या आठवड्यांत येणार असेल, तर तारखा ठरवतानाच डॉक्टरांशी बोलावे.

डोक्याला काम: अंगाला काम नाही, तर डोक्याला हवे. टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून शोधायला देणे, पोकळ रबरी खेळण्यात मऊ भात-चिकन भरून गोठवून चाटायला देणे, बसल्या जागी नव्या आज्ञा शिकवणे, यांनी वेळ चांगला जातो. पीनट बटर वापरायचे तर त्यात झायलिटॉल नाही, हे डब्यावर पाहावे. तो गोड पदार्थ कुत्र्यांना विषारी असतो.

तरुण, चळवळ्या कुत्र्याला एवढे करूनही आवरत नसेल, तर डॉक्टर शांत करणारी औषधे देऊ शकतात. ती मागण्यात संकोच नको.

औषधे देताना काय पाहावे?

डॉक्सिसायक्लिन उपाशीपोटी दिल्यास उलटी होते, म्हणून जेवणाबरोबर द्यावे. गोळी दह्यात किंवा पनीरमध्ये लपवण्याची सवय अनेक घरांत असते. पण दुधाच्या पदार्थांमुळे हे औषध कमी शोषले जाते. त्याऐवजी उकडलेल्या चिकनचा तुकडा किंवा भाताचा घास चालतो.

स्टेरॉइडमुळे तहान, भूक आणि लघवी वाढते. पाणी तोडू नये. बाहेर नेण्याच्या खेपा वाढवाव्यात. स्टेरॉइड अचानक बंद करायचे नसते, ते डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करतात. व्यायाम बंद असल्याने खाणे थोडे आवरते घ्यावे, नाहीतर वजन वाढून हृदयावर आणखी भार पडतो.

इंजेक्शनच्या जागी सूज आणि दुखरेपणा सामान्य आहे. ती जागा चोळू नये.

लगेच डॉक्टरांकडे कधी न्यावे?

खोकला अचानक वाढणे किंवा खोकल्यातून रक्त येणे, बसल्या जागी धाप लागणे, हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर दिसणे, कोसळणे, ताप, जेवण पूर्ण सोडणे, लघवी गडद तपकिरी होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना आधीच शोधून त्याचा नंबर फोनमध्ये ठेवावा.

मेलार्सोमीन मिळाले नाही तर?

भारतात हे औषध सहज मिळत नाही. अशा वेळी डॉक्टर डॉक्सिसायक्लिन आणि मॉक्सिडेक्टिन किंवा तत्सम प्रतिबंधक औषध यांवर आधारित उपचार करतात. त्यात जंत हळूहळू, अनेक महिन्यांत मरतात. तोवर फुप्फुसाचे नुकसान चालू राहते, आणि धावपळीवरची बंधनेही तितकाच काळ पाळावी लागतात. म्हणून हा पहिल्या पसंतीचा मार्ग नाही. इलाज नसेल तेव्हाचा आहे.

काय करू नये?

पोटातल्या जंतांची नेहमीची गोळी हार्टवर्मवर चालत नाही. गुराढोरांसाठीचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंदाजाने देणे तर फार धोक्याचे. कॉलीसारख्या काही जातींत एका जनुकातील बदलामुळे हे औषध जास्त मात्रेत मेंदूपर्यंत पोचते आणि कुत्रा दगावू शकतो. रक्तात सूक्ष्म पिल्ले भरपूर असताना प्रतिबंधक औषधाचा पहिला डोसही कधी कधी प्रतिक्रिया देतो, म्हणून तो डॉक्टरांच्या देखरेखीत द्यावा.

माणसांना धोका आहे का?

बाधित कुत्र्यापासून थेट नाही. बाधित डास चावल्यास क्वचित माणसाच्या फुप्फुसात गाठ होते, पण माणसाच्या शरीरात हा जंत सहसा पूर्ण वाढत नाही. कुत्र्याला जवळ घेऊन बसायला काहीच हरकत नाही; विश्रांतीच्या महिन्यांत त्याला ते हवेच असते.

बरे झाल्यानंतर काय?

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही पहिल्याच दिवशी मैदानात सोडायचे नाही. फेरफटका दहा मिनिटांवरून पंधरा, मग वीस असा आठवड्या-आठवड्याने वाढवावा. धाप किंवा खोकला दिसला तर एक पायरी मागे यावे.

एकदा बरा झालेला कुत्रा पुन्हा बाधित होऊ शकतो. त्यामुळे हा आजार असलेल्या भागात प्रतिबंधक औषध दर महिन्याला, बारा महिने द्यायचे असते. यांतले जुने आणि स्वस्त औषध म्हणजे ठरलेल्या अल्प मात्रेतील आयव्हरमेक्टिन. ज्या शोधातून ते तयार झाले, त्यासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. महिन्याच्या त्या एका गोळीचा खर्च पूर्ण उपचाराच्या मानाने किरकोळ असतो. आणि पाच महिने दाराशी बसून बाहेरची पोरे खेळताना पाहणाऱ्या कुत्र्यासाठी तर तो फरक त्याहून मोठा आहे.