हळद-कुंकवापासून सुरू होणारी यादी

परवा माळा आवरताना एक जुनी वही हाती लागली. आत वाण्याच्या याद्या. साल १९७६, अक्षर माझं, आणि मजकूर अर्थातच आईचा. वर मध्यभागी 'श्री', त्याखाली पहिली ओळ 'हळद पाव किलो', दुसरी 'कुंकू'. मग तांदूळ, गहू, डाळी, गूळ, तेल, मसाल्याचं सामान, आणि शेवटी साबण, काड्यापेटी, वाती. पुढच्या महिन्याची यादी बघितली तर तीही जवळजवळ तशीच. आवरायचं राहिलं बाजूला, मी तिथेच फतकल मारून वाचत बसलो.

यादी करायचा कार्यक्रम तुमच्याकडेही असेल. महिन्याच्या पहिल्या रविवारी आई फळीवरचे डबे एकेक करून हलवून बघायची. आवाजावरून तिला कळायचं किती उरलंय ते. वरच्या फळीवरून खालच्या फळीवर, तिथून कोपऱ्यातल्या पिंपाकडे आणि शेवटी मोरीत. ती सांगायची आणि मी लिहायचो. पहिल्या दोन ओळी शकुनाच्या, पण बाकीची यादी म्हणजे आमच्या स्वयंपाकघराचा नकाशा होता, हे इतक्या वर्षांनी लक्षात आलं.

आता गंमत बघा. आमच्या कच्छी शेठच्या दुकानात माल काही आमच्या फळ्यांच्या क्रमाने लावलेला नव्हता. पण त्याने काहीच अडायचं नाही. शेठ यादी हातात घ्यायचा, पेन्सिलीने भराभर खुणा करायचा आणि आपल्या मनातल्या क्रमाने नोकराला ओरडून सांगायचा. आधी पोत्यांतलं, मग बरण्यांतलं, मग वरच्या खणातलं. कागदाच्या पुड्या, त्यावर दोरा. त्याच यादीत उजवीकडे दर लिहून खाली बेरीज, म्हणजे यादीचंच बिल व्हायचं. संध्याकाळी पोऱ्या सामान घरी आणून टाकायचा. यादी लावायचं काम शेठचं होतं, आणि ते काम आहे हे आपल्या गावीही नव्हतं.

यादी ही वस्तू तशी फार जुनी. फ्लॉरेन्सला मायकेलअँजेलोची १५१८ सालची एक यादी जपून ठेवली आहे. एका पत्राच्या पाठीमागे तीन जेवणांचे पदार्थ लिहिलेत, आणि शेजारी पाव, मासे, वाइनचा बुधला यांची चित्रं काढली आहेत. सामान आणणाऱ्या नोकराला वाचता येत नसावं, म्हणून चित्रं, असं मानतात. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीही यादी एकाने करायची आणि दुसऱ्याने आणायची, अशीच वाटणी होती. आमच्या घरी फक्त त्या दुसऱ्याला चित्रं लागत नव्हती, इतकंच!

ही वाटणी मोडली ती अमेरिकेत. ६ सप्टेंबर १९१६ रोजी मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या माणसाने 'पिगली विगली' हे दुकान उघडलं. गिऱ्हाईकाने आत जायचं, टोपली घ्यायची, फळीवरचा माल स्वतः उचलायचा आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. या रचनेचं त्याने १९१७ मध्ये पेटंटही घेतलं. त्याच्या दुकानात वाट एकच होती. आत शिरलं की वळणं घेत सगळ्या फळ्यांसमोरून जावंच लागे. नोकरांचा खर्च वाचला, माल स्वस्त झाला, आणि शेठचं यादी लावायचं काम गुपचूप गिऱ्हाईकाच्या गळ्यात पडलं. पुढे दुकानं मोठी झाली, एका वाटेच्या दहा गल्ल्या झाल्या. टोपली जड होते म्हणून लोक कमी घेतात, हे ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमनने हेरलं आणि १९३७ मध्ये चाकांची गाडी आणली. लोक ती गाडी हातात धरेनात, तेव्हा त्याने पैसे देऊन माणसं आणली आणि दुकानात गाड्या ढकलत फिरवली!

त्याच सुमारास क्रिस्टीन फ्रेडरिक नावाच्या बाई घरकामाचं शास्त्र मांडत होत्या. कारखान्यात टेलर कामगारांच्या हालचाली मोजत होता, तसं यांनी स्वयंपाकघरातली पावलं मोजली. एकत्र लागणाऱ्या वस्तू एकत्र ठेवा, कामाच्या क्रमाने मांडा, म्हणजे फेऱ्या वाचतील, असं त्या १९१२ पासून लिहीत होत्या. आज 'यादी नीट लावा, वेळ वाचवा' असा सल्ला जिथे तिथे मिळतो, त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

आपल्याकडे मधला एक वेगळा रस्ताही निघाला होता. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून संघ करायचा, सगळ्यांची मागणी एकत्र करायची, संस्थेने घाऊक खरेदी करायची आणि महिन्यातून एकदा आलेला माल संघातल्या लोकांनीच वाटून घ्यायचा. यात मागणी आधी लिहूनच द्यावी लागते. म्हणजे यादी हा इथे सोयीचा भाग नाही, सगळा व्यवहारच तिच्यावर उभा आहे. बडबड, चहा, वाटप, सगळं मिळून वेळ जातोच, पण तो कोणाच्या एकट्याच्या माथी येत नाही.

आमच्याकडे मात्र २००६ च्या सुमारास शेठ सुटला आणि मोठं दुकान सुरू झालं. ट्रॉली घेऊन मी निघालो, हातात आईचीच यादी. हळद शेवटच्या गल्लीत, तांदूळ पहिल्या, गूळ मध्येच, हिंग कुठेच नाही. सव्वा तास! एकदा आई हौसेने बरोबर आली. हिंग राहिला म्हणून तिसऱ्यांदा मागे फिरलो तेव्हा ती गुडघे धरून तांदळाच्या गोण्यांवर टेकली आणि म्हणाली, "अरे, शेठ बसल्या जागी सगळं द्यायचा. इथे पैसेही आपण द्यायचे आणि हमालीही आपणच करायची?" मी हसलो. पण साँडर्सने केलं ते नेमकं हेच होतं, आणि तिने ते एका वाक्यात सांगितलं होतं.

त्या रात्री मी यादी नव्याने मांडली. दुकानातल्या गल्ल्यांच्या क्रमाने सहा गट केले: धान्य, डाळी-कडधान्य, तेल-गूळ-साखर, मसाले, साबण-सोडा, आणि सगळ्यात शेवटी थंड कपाटातलं, म्हणजे दूध-लोणी गरम होत नाही. महिन्याला लागणाऱ्या सगळ्या वस्तू एकदाच लिहून त्याच्या झेरॉक्स काढल्या. दरवेळी फक्त खूण आणि वजन. शेवटचं पाकीट फोडलं की तिथल्या तिथे खूण करायची, संपायची वाट बघायची नाही. पुढच्या वेळी घड्याळ लावलं तर पस्तीस मिनिटं! चाळीस मिनिटं वाचली म्हणून मी घरी येऊन मोठ्या ऐटीत सांगितलं.

आईने कागद हातात घेतला आणि विचारलं, "हळद-कुंकू कुठाय?" होतं ना, चौथ्या गटात. तिला ते पटलं नाही. बायको मात्र वेगळंच बोलली. "अहो, चाळीस मिनिटं तुमची वाचली. डबे उघडून खुणा कोण करतंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये 'मोअर वर्क फॉर मदर' नावाचं पुस्तक लिहिलं. घरात यंत्रं आली, सोयी आल्या, तरी बाईचे तास काही कमी झाले नाहीत, असं त्या सप्रमाण दाखवतात. त्यात एक मुद्दा असाही आहे की पूर्वी माल घरपोच येई, तो बंद झाला आणि आणायचं काम घरातल्या बाईवर येऊन पडलं. ते मी बऱ्याच नंतर वाचलं, पण मला तो टोमणा ओळखीचा वाटला. मी मोजलेला वेळ दुकानाच्या दारापासून दारापर्यंतचा होता. काय संपलंय, काय संपत आलंय, पाहुणे कधी येणार, उपास कधी, हे सगळं डोक्यात बाळगायचा वेळ कुठल्याच घड्याळात येत नाही. १९७६ मध्येही तो आला नव्हता. मला वाटायचं, यादी मी करतो. मी फक्त लिहीत होतो.

असो. तेव्हापासून डबे उघडायचं काम मी घेतलं. पहिल्या महिन्यात मोहरी विसरलो, दुसऱ्या महिन्यात साबुदाणा तीन किलो आणला. आवाजावरून ओळखणं काही जमलं नाही, झाकण उघडूनच बघतो.

आई २०१४ मध्ये गेली. आता फोनवर बोट लावलं की दहा-पंधरा मिनिटांत सामान दारात येतं. पोऱ्या परत आला म्हणायचा, फक्त त्याच्या घाईचा हिशोब आता आपण करत नाही. म्हणून महिन्याचं सामान मी अजून यादीनेच आणतो. क्रम गल्ल्यांचाच आहे. पण पहिल्या गटाच्याही वर एक ओळ मी पुन्हा घातली आहे: हळद-कुंकू. त्यासाठी चौथ्या गल्लीपर्यंत जाऊन परत यावं लागतं. दोन मिनिटं जातात.