कातात भिजलेली शिडे

टेम्स नदीवरचे मालवाहू बार्ज, ब्रिक्सहॅमचे मासेमारी ट्रॉलर, हॉलंडचे बोटर. या नौकांच्या जुन्या चित्रांत शिडे तांबूस-तपकिरी दिसतात आणि पाहणाऱ्याला तो रंग हौसेचा वाटतो. खरे तर ती बुरशीविरुद्धची तजवीज होती. शिडाच्या कापडाचा इतिहास पाहिला की एक गोष्ट ठळक दिसते: यश आले ते बुरशी धरण्याआधी केलेल्या उपायांना. धरलेली बुरशी काढणे कधीच पुरे पडले नाही. याचे कारण कापडातच आहे. जुनी शिडे जवसाच्या वाखाची, पुढे सुताची. दोन्हींचे मूळ द्रव्य सेल्युलोज आणि तेच बुरशीचे अन्न. ओले शीड गुंडाळून ठेवले की घडीच्या आत, जिथे वारा पोचत नाही, तिथे आधी काळे ठिपके उठतात. डाग घासून फिका करता येतो, पण तोवर धागा आतून खाल्लेला असतो आणि पुढच्या जोरकस वाऱ्यात शीड नेमके तिथेच फाटते.

म्हणून कोळ्यांनी कापडाचा गुणच बदलला. उत्तर युरोपात आधी ओकच्या सालीचा काढा वापरत. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातून कात येऊ लागला, तेव्हा बंदरोबंदरी सालीची जागा त्याने घेतली. मोठ्या तांब्याच्या हंड्यात पाणी उकळायचे, काताच्या गडद तपकिरी ढेपा त्यात विरघळवायच्या, जाळी आणि शिडे त्यात मुरवायची आणि मग किनाऱ्यावर पसरून वाळवायची. टेम्सवाले गेरू आणि माशाचे तेल मिसळून शिडावर चोपडत. तेलाने पाणी आत शिरत नसे. हा कात म्हणजे आपल्याकडच्या विड्यातल्या काताचाच भाऊ. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून काढा आटवला आणि थंड केला की खाण्याचा कात खाली बसतो. उरलेल्या गडद अर्कात टॅनिन असते, आणि कातडी, जाळी, शिडे यांच्या कामी येते ते हेच. कोकणात हे काम पिढ्यान्‌पिढ्या कातकऱ्यांचे. 1878 च्या वन कायद्यानंतर जंगलावर सरकारी पहारा बसला आणि कात पाडण्याच्या त्यांच्या धंद्यावर बंधने आली. ब्रिटिश बंदरांतला बराचसा कात ब्रह्मदेशचा होता, कोकणचा नव्हे, हे खरे. पण सागरी इतिहासात शिवणारे आणि वल्हवणारे यांची नावे येतात, खैर तोडून रात्रभर भट्टी राखणाऱ्यांची येत नाहीत, ही मला मोठी उणीव वाटते.

कुणी म्हणेल, कातात शिडे मुरवण्याचा उपाय इतका गुणकारी होता तर ब्रिटिश आरमाराची शिडे पांढरट का राहिली? कारण आरमाराकडे मनुष्यबळ होते. पाऊस थांबला की बंदरात शिडे सोडून वाळवण्याचा हुकूम निघे आणि शेकडो खलाशी कामाला लागत. सतराव्या शतकातल्या डच सागरचित्रांत निवांत पाण्यावर सैल शिडे सोडलेली जहाजे दिसतात, ती वाळवणीच. दोन-चार माणसांच्या बार्जला हे रोज परवडणारे नव्हते. मार्ग वेगळा असला तरी नियम तोच: बुरशीला ओल किंवा अन्न, यांतले एक तरी मिळू द्यायचे नाही. दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. टॅनिन पाण्यात धुपते, काढा पुन्हापुन्हा द्यावा लागतो, मग त्याला उपाय कसे म्हणायचे? पण होडीवर कायमचे असे काहीच नसते. तळाला डांबर दरवर्षी लागते, तसेच हे. शिवाय पुढे टॅनिनवर तांब्याच्या क्षारांचा पक्केपणा चढवायला लोक शिकले, म्हणजे रसायनशास्त्राने जुनी वाट मोडली नाही, रुंद केली.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू भराभर कुजले. सॉलोमन बेटांवरच्या अशाच एका कापडावरून मिळालेली बुरशी पुढे ट्रायकोडर्मा रीसाय म्हणून ओळखली गेली. सेल्युलोज फोडणारी तिची विकरे आज उद्योगांत वापरतात. सुती कापडाचा शत्रू किती ताकदीचा होता, हे यावरून कळावे. 1941 मध्ये मँचेस्टरच्या एका कंपनीतल्या व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी टेरिलीन हे पॉलिस्टर शोधले, त्याची शिडे 1950 च्या दशकात आली आणि प्रश्न सुटला असे वाटले. धागा खरोखरच बुरशीला पचत नाही. तरी आजच्या बोटींच्या कॅनव्हासवर, गाद्यांच्या शिवणींवर काळे ठिपके येतातच, कारण बुरशी आता धाग्यावर नाही, त्यावरच्या मळावर, घामावर, तेलकटपणावर जगते. साचलेले मीठ हवेतली ओल ओढते, फोमची गादी ती आत धरून ठेवते. मग लोक ब्लीचकडे वळतात. ब्लीचने डाग उडतो, पण कापड नायलॉनचे असेल तर ते कमकुवत होते आणि मळ व ओल राहिली तर बुरशी परत येते. गोड्या पाण्याने मीठ धुणे, गाद्या उभ्या करून वारा खेळवणे आणि कापड पुरते सुकल्याशिवाय घडी न घालणे, हे तीन नियम टेरिलीनच्या युगातही बदललेले नाहीत.