ग्रामीण सहकारी पतपुरवठा : कर्जमर्यादा ठरविणाऱ्या घटकांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

१८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांनी शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाकडे ब्रिटिश शासनाचे लक्ष वेधले. सावकारीला पर्याय म्हणून १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांचा पाया घातला. परंतु सभासदास किती कर्ज द्यावे, हा प्रश्न त्या कायद्याने सुटला नाही. कर्जमर्यादेचे निकष कसकसे बदलत गेले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

निकषांचे स्थित्यंतर

प्रारंभीच्या ग्रामीण संस्था अमर्यादित जबाबदारीच्या होत्या. एकाच्या थकबाकीचा भार सर्वांवर पडत असल्याने सभासदाची पत व जामीनदार यांना महत्त्व आले. संस्थेजवळ ठेवी अल्प असल्याने मध्यवर्ती बँकेकडून मिळणारा निधी हा दुसरा घटक ठरला. १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी व लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन झाली. १९१२ च्या कायद्याने अशा बँकांना स्पष्ट आधार दिला. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, थकबाकी वाढली आणि नव्या कर्जाचा ओघ आटला. तात्पर्य, वसुली हा तिसरा घटक होय.

१९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत एकूण ग्रामीण कर्जात सहकाराचा वाटा केवळ ३.१ टक्के आढळला. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, ज्यात धनंजयराव गाडगीळ सदस्य होते, १९५४ मध्ये शासनाची भागीदारी, पीककर्ज आणि पतपुरवठा व विक्री यांची सांगड सुचविली. जमिनीच्या मूल्याऐवजी पिकाच्या खर्चावर कर्ज ठरावे, हा त्यातील विचार होता.

चिकित्सा

महाराष्ट्रात या विचारातून एकरी पीककर्ज दर आणि कमाल मर्यादा पत्रक (क. म. पत्रक) रूढ झाले. कर्जाशी निगडित भाग खरेदी केल्याने संस्थेचे भागभांडवल वाढले. मात्र उसासारख्या बागायती पिकाचा खर्च अधिक, म्हणून कर्जही अधिक. शिवाय कारखान्याच्या बिलातून वसुली होत असल्याने ते सुरक्षित. कोरडवाहू शेतकऱ्यास या दोन्ही बाजू अनुकूल नव्हत्या. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, असा कूळ किंवा शेतात राबणारी स्त्री तर पत्रकाच्या बाहेरच राहिली. निकष पिकाचा झाला, तरी दाराशी जमिनीची अट कायम राहिली.

निष्कर्ष

कर्जाची रक्कम गरजेपेक्षा जमीनधारणा, पीक, संस्थेचा निधी व वसुली यांवर अवलंबून राहिली. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीसारख्या उपायांनी जुनी बाकी फिटते, निकष बदलत नाहीत. ज्याला पतीची निकड सर्वाधिक, त्यालाच सहकाराने सर्वांत कमी दिले. या विसंगतीचे निराकरण झाल्याविना सावकारास दिलेला पर्याय अपूर्णच ठरेल.