पिंपातील शेष आणि त्याचे मापन
लाकडी पिंपातील मद्य बाहेर न ओतता त्याचे माप ठरविणे, हा व्यापाराइतकाच गणिताचाही जुना प्रश्न होय. १६१३ साली लिंझ येथे केप्लरच्या विवाहासाठी मद्य घेतले असता विक्रेत्याने पिंपाच्या भोकातून तिरकी काठी घालून त्याचे माप सांगितले. केप्लर साशंक झाला व १६१५ मध्ये त्याने या विषयावर ग्रंथच प्रसिद्ध केला. ऑस्ट्रियन पिंपांच्या विशिष्ट घडणीमुळे ती काठी विश्वसनीय ठरते, असे त्यास आढळले.

परंतु ते माप भरलेल्या पिंपाचे. शेषाचा प्रश्न निराळा. आडव्या दंडगोलात पाव उंचीइतका द्रव हा एकपंचमांशाहूनही किंचित कमी असतो. फुगीर पिंपात त्याहूनही कमी. इंग्लंडमध्ये १६४३ साली बिअरवर अबकारी कर बसल्यावर या फरकास पैशाचे मोल आले. १६८३ मध्ये टॉमस एव्हरार्डने रचलेल्या सरकत्या गणनपट्टीवर आडव्या व उभ्या पिंपांसाठी म्हणूनच स्वतंत्र मापश्रेणी आढळतात.

पिंपातील तुटीचा वाचक ‘अलेज’ हा इंग्रजी शब्द ‘डोळा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून आला. डोळा म्हणजे पिंपाचे भोक. मूळ क्रिया तेथपर्यंत भरण्याची. भरण्याचा वाचक शब्द अशा रीतीने रितेपणाचा वाचक झाला.