‘माणूस’मधली मैना

अप्पा बळवंत चौकाजवळचे किबे लक्ष्मी थिएटर जुन्या पुणेकरांच्या तोंडी अजून ‘प्रभात’च आहे. इंदूरच्या सरदार किब्यांचे हे चित्रगृह १९३४ साली सुरू झाले. तिथून चालत थोडे पुढे गेले की बुधवारातल्या त्या गल्ल्या लागतात, ज्यांचा उल्लेख घरात कुणी मोठ्याने करीत नाही. दोन्ही एकाच पेठेत! तेव्हा पडद्यावर कोणी दिसावे आणि कोणी दिसू नये, हा प्रश्न विचारायला याहून योग्य जागा कुठे शोधायची?

दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. पेशा करणाऱ्या स्त्रियांनीही नकार दिला असे सांगतात. शेवटी अण्णा साळुंके लुगडे नेसून उभे राहिले. पुढे १९३२ साली दुर्गाबाई खोटे ‘अयोध्येचा राजा’त आल्या आणि सुशिक्षित घरची स्त्री पडद्यावर आली. परंतु जिला समाजाने गल्लीत लोटले, तिची कथा कोण सांगणार?

ती सांगितली ‘प्रभात’ने, १९३९ सालच्या ‘माणूस’मध्ये. शांतारामबापूंनी या चित्रपटात शाहू मोडकांना साधा पोलीस शिपाई केले आणि शांता हुबळीकरांना मैना. धाड पडते, गणपत मैनाला वाचवतो, दोघांचा जीव एकमेकांवर जडतो. मैना गाते तेव्हा मराठीबरोबर इतर प्रांतांच्या भाषांतली कडवीही येतात. तिच्या दाराशी कोण कोण येते, हे दिग्दर्शकाने एकही वाक्य न बोलता सांगून टाकले आहे! गणपत तिला आपल्या आईकडे नेतो. आई भोळी, सून म्हणून तिला पसंत करते. पण मैनाचे पाऊल त्या देवभोळ्या घरात ठरत नाही. पुढे पैशासाठी छळणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो. गणपत पळवून लावायला तयार असताना ती आपण होऊन तुरुंगाची वाट धरते.

त्याच साली अमेरिकेत जॉन फोर्डचा ‘स्टेजकोच’ निघाला. तिथेही अशीच एक स्त्री आहे, डॅलस. गावच्या प्रतिष्ठित बायका तिला हाकलून देतात. पण फोर्ड तिला नायकाबरोबर सरहद्दीपलीकडे नवा संसार मांडायला पाठवतो. आमच्या मैनाला ती गाडी मिळाली नाही. यात आमचा प्रामाणिकपणा किती आणि भीती किती? मला वाटते, दोन्ही होते. लग्न लावून दिले असते तर प्रेक्षक सुखाने घरी गेला असता, आणि गल्ली होती तिथेच राहिली असती.

फोर्डचे औदार्यही डॅलसपाशीच संपते. त्या गाडीवर चालून येणाऱ्या अपाची लोकांना ना घर, ना गाऱ्हाणे. ते नुसते टेकडीवर दिसतात आणि गोळ्या खाऊन पडतात. त्या भूमिका केल्या तिथल्याच नवाहो लोकांनी. म्हणजे जमातही दुसरीच! हे वाचून हसण्याआधी आपण आपल्या घरात पाहावे.

‘प्रभात’चाच ‘धर्मात्मा’ १९३५ सालचा. मूळ नाव ‘महात्मा’ होते, ते सेन्सॉरने चालू दिले नाही. त्यात बालगंधर्वांनी एकनाथ केले. एकनाथ महाराच्या घरी जेवतात, त्यापायी जातभाईंचा रोष ओढवून घेतात. चित्र निर्भय होते यात शंका नाही. परंतु त्यात धैर्य दाखवायचे ते एकनाथांनी. महाराने हात जोडायचे. आणि याच शहरात १९२९ साली अस्पृश्य सत्याग्रही पर्वतीच्या देवळात जाण्यासाठी उभे राहिले होते, त्यांच्यावर दगड पडले होते. या गोष्टीला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. ‘धर्मात्मा’ पाहणाऱ्यांतल्या कित्येकांनी ते दगड पाहिले असतील, एखाद्याने मारलेही असतील. चारशे वर्षांपूर्वीच्या पैठणचा महार त्यांना पडद्यावर चालला. पर्वतीच्या पायऱ्यांवरचा मात्र ‘प्रभात’च्या पडद्यावर कधी आला नाही.